डोंगरापाशी घेतलेले धडे : एटेल अदनान यांच्या निसर्गचित्रांविषयी

एटेल अदनान यांचं चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात काय येत असेल, याचा मला अंदाज आहे. एक त्रिकोण, तो डोंगर. त्याच्या बाजूला किंवा माथ्यावर एक गोल, तो सूर्य, नाही तर चंद्र. खाली रंगांचे आडवे पट्टे. त्यांना समुद्र म्हणा, जमीन म्हणा, किंवा नुसतंच अंतर म्हणा. आपल्याकडे पहिली-दुसरीतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने चित्रकलेच्या वहीत हाच देखावा काढलेला असतो. दोन डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली वळत जाणारी नदी. मग ज्या बाईंची चित्रं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या त्या प्रसिद्ध चढत्या गोल वाटेवर लागली, त्यांनी वेगळं असं केलं तरी काय?

हा प्रश्न मला उद्धट वाटत नाही. चित्राकडे सरळ पाहणाऱ्याला तो पडणारच. म्हणून या पुस्तकाची सुरुवात त्याच प्रश्नाने करतो.

मुलाच्या वहीतला डोंगर कुठलाच नसतो. कोल्हापूरच्या मुलाने काढलेला आणि नागपूरच्या मुलाने काढलेला सारखाच दिसतो, कारण दोघांनीही तो शेजारच्या वहीत पाहून काढलेला असतो. खरा डोंगर बघण्याची गरजच पडलेली नसते. अदनान यांचा त्रिकोण मात्र एका ठरावीक डोंगराचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरीन नावाचा परगणा लागतो. तिथे टॅमलपायस नावाचा डोंगर उभा आहे. उंची सुमारे ७८४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. पायथ्याला एका बाजूने प्रशांत महासागर आणि दुसऱ्या बाजूने खाडी. हा एकच डोंगर अदनान यांनी अनेक दशकं रंगवला. तो समोर होता तेव्हा रंगवला आणि त्या पॅरिसला राहायला गेल्यावर, डोंगर हजारो मैलांवर राहिला तेव्हाही रंगवला. त्यांच्या चित्रात तो कधी हिरवा, कधी गुलाबी, कधी राखाडी, कधी जांभळा. त्याचा उतार कधी डावीकडे लांबत जातो, तर कधी आखडतो. त्रिकोण तोच, पण वेळ दुसरी, उजेड दुसरा, हवेतला दमटपणा दुसरा. मुलाचं चित्र पाठ झालेलं असतं. अदनान यांनी पाहणं कधी पाठ होऊ दिलं नाही.

त्यांच्या आयुष्याची हकिकत लांब आहे. इथे चित्रांपुरतीच सांगतो. जन्म २४ फेब्रुवारी १९२५, बैरूत. वडील दमास्कसचे, मुसलमान, ऑटोमन सैन्यातले अधिकारी. आई स्मिर्नाची, म्हणजे आजच्या इझमीरची, ग्रीक ख्रिस्ती. १९२२ मध्ये स्मिर्ना शहर जळालं, ऑटोमन साम्राज्यही संपलं, आणि हे जोडपं बैरूतला आलं. घरात ग्रीक आणि तुर्की, नन्सच्या शाळेत फ्रेंच, रस्त्यावर अरबी. शाळेत अरबी बोलायची सोय नव्हती. वडील मुलीला समोर बसवून व्याकरणाच्या पुस्तकातून अरबी अक्षरं उतरवून काढायला लावत. अर्थ पुरता कळत नसायचा, पण अक्षरांची वळणं हातात बसत. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चित्रकलेचं शिक्षण न घेतलेल्या या बाईंच्या हाताला मिळालेलं पहिलं वळण हेच होतं : अर्थ बाजूला ठेवून आकार गिरवण्याचं.

१९४९ मध्ये शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला सोर्बोनमध्ये तत्त्वज्ञान शिकायला गेल्या. १९५५ मध्ये अमेरिकेत आल्या. बर्कली आणि हार्वर्ड इथे पुढचा अभ्यास केला. १९५८ पासून सॅन राफेलच्या डॉमिनिकन कॉलेजात त्या तत्त्वज्ञान शिकवू लागल्या. कलेचं तत्त्वज्ञान हा त्यांच्या शिकवण्याचा भाग होता. त्याच कॉलेजातल्या कलाविभागाच्या प्रमुख अ‍ॅन ओहॅन्लन यांनी त्यांना एकदा विचारलं, की स्वतः चित्र काढत नसताना तुम्ही कलेविषयी शिकवता कशा? अदनान यांनी सांगितलं, की माझा हात ओबडधोबड आहे असं आई म्हणायची. त्यावर ओहॅन्लन यांनी विचारलं, की आणि तुम्ही ते खरं मानलंत? पुढे अदनान यांनी मुलाखतींमधून हा प्रसंग अनेकदा सांगितला. ओहॅन्लन यांनी त्यांना विभागात यायला सांगितलं, रंग दिले, कापून उरलेले कॅनव्हासचे तुकडे दिले. अदनान तेव्हा चौतीस-पस्तीस वर्षांच्या होत्या.

स्वयंशिक्षित चित्रकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभं राहतं : भोळा, उत्स्फूर्त, शहरापासून आणि पुस्तकांपासून लांब असलेला माणूस. अदनान यांच्या बाबतीत हे चित्र साफ चुकीचं आहे. त्यांनी सोर्बोनमध्ये सौंदर्यशास्त्राची व्याख्यानं ऐकली होती, पॅरिसची संग्रहालयं पाहिली होती. चित्रकार पॉल क्ले त्यांचा अतिशय आवडता. डोळा तयार होता, विचार तयार होता. शिकायचा राहिला होता तो हात. आणि हाताला त्यांनी चित्रशाळेच्या वाटेने नेलं नाही. प्रथम रेखाटन, मग छायाप्रकाश, मग यथार्थदर्शन, मग मानवाकृती या पायऱ्या त्या चढल्याच नाहीत. ज्या दिवशी रंग हातात आला त्याच दिवशी रंगवू लागल्या. शिकण्याचं त्यांचं सूत्र मला असं दिसतं, की आपल्याला काय येत नाही याची यादी करत बसू नये. जे येतं तेवढ्यावर उभं राहून पुढचं पाऊल टाकावं.

आता त्यांच्या कामाच्या रीतीकडे येतो. माझ्या मते सगळं मर्म त्या रीतीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अदनान यांनी ईझल वापरला नाही. कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवायचा, पत्र लिहायला कागद ठेवावा तसा. कॅनव्हासही लहान, बरीच चित्रं २४ बाय ३० किंवा ३२ बाय ४१ सेंटिमीटर अशा मापांची आहेत. तैलरंग ट्यूबमधून थेट कॅनव्हासवर पिळायचा आणि ब्रशऐवजी पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या सुरीने, पसरायचा. रंग बहुधा एकमेकांत मिसळायचे नाहीत. आणि चित्र एका बैठकीत संपवायचं. सुरुवातीच्या काळात त्या पुष्कळदा एका लाल चौकोनापासून आरंभ करत. तो एकदा बसला की त्याच्या आधाराने बाकीचे रंग येत.

यातली प्रत्येक गोष्ट वरवर सोयीची दिसते. स्वयंपाकघरातल्या टेबलावरही करता येईल असं काम. पण प्रत्येक सोयीबरोबर एक कडक अट येते. सुरीने बारीक रेघ काढता येत नाही; झाडाचं पान, पायवाट, कौलाची कड काही म्हणजे काही जमत नाही. सुरी फक्त पट्टा ओढते, आणि पट्ट्याला धारदार कड देते. म्हणजे तपशील गाळायचा की ठेवायचा हा प्रश्न हत्यारानेच सोडवून टाकला. दुसरी अट ओल्या तैलरंगाची. एका बैठकीत चित्र संपवायचं तर खालचा रंग वाळायची वाट पाहता येत नाही. ओल्यावर ओला रंग चढवला की चिखल होतो, दोन्ही रंगांचं तेज जातं. म्हणून पिवळ्याच्या शेजारी निळा कुठे थांबवायचा, हे सुरी टेकवण्याआधी ठरलेलं असावं लागतं. खोडण्याची सोय जवळजवळ नाही. कॅनव्हास खरवडून पुन्हा करता येतं, पण मग ती वेगळीच बैठक होते.

तिसरी अट रंग न मिसळण्याची, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी. आपल्याकडे निसर्गचित्र म्हणजे प्रामुख्याने जलरंग. कलाशाळेतली मुलं मेणवलीच्या घाटावर, नाशिकला गोदाकाठी, बाणगंगेवर वह्या घेऊन बसतात. तिथे दूरचा डोंगर दूर दिसावा म्हणून निळसर फिका करायचा, जवळचं झाड गडद करायचं, ओल्या कागदावर रंग एकमेकांत उतरू द्यायचे, हे शिकवलं जातं. ही परंपरा मोठी आहे आणि मला ती मनापासून प्रिय आहे. अदनान यांनी ती सगळी यंत्रणा बाजूला ठेवली. त्यांच्या चित्रात दूरचा डोंगर भडक केशरी असू शकतो आणि पायाशी असलेलं पाणी अगदी फिकं. तरीही डोंगर मागे जाऊन बसतो आणि पाणी पुढे येतं. हे घडतं ते दोन रंगांच्या शेजारपणातून. कुठल्या रंगाला किती जागा, कुणाची कड कुणाला लागते, कुणाच्या मध्ये पांढऱ्याची पट्टी ठेवली आहे, एवढ्यावर त्यांनी अंतर उभं केलं. छायाप्रकाश न शिकल्यामुळे त्यांना हे करावं लागलं असं कुणी म्हणेल. असेलही. पण गरजेपोटी हाती घेतलेली गोष्ट माणूस वर्षानुवर्षं घासत राहिला की तिची कला होते, आणि तिथे मग शिकलेला-न शिकलेला हा भेद उरत नाही.

मूळ चित्रासमोर उभं राहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. ती छापील पानावर पोचत नाही. सुरीने ओढलेल्या रंगाच्या कडेला एक बारीक कणा उभा राहतो. रंग कुठे दाट बसला आहे, कुठे सुरी दाबून गेल्यामुळे खालचा कॅनव्हास जेमतेम झाकला आहे. त्यामुळे तो सपाट वाटणारा पट्टा उजेडात थोडा हलतो. हाताची गती त्यात दिसते. हात न थरथरता एका दमात गेलेला आहे.

अमूर्ताकडे जाणाऱ्या चित्रकाराचा प्रवास साधारण कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. आधी दिसणारं जग रंगवायचं, मग त्यातला तपशील हळूहळू गाळत जायचं. मोंद्रियानची झाडं फांद्याफांद्यांनी विरघळत शेवटी काळ्या रेषांच्या जाळीपर्यंत गेली. रामकुमार १९६० च्या सुमारास वाराणसीला गेले, तिथल्या घाटांची आणि घरांची चित्रं केली, आणि पुढे ती घरं रंगांच्या ठोकळ्यांत उतरली. रझांचा प्रवास फ्रान्समधल्या खेड्यांच्या निसर्गचित्रांकडून बिंदूकडे झाला. अदनान यांची वाट उलटी आहे. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांनी जी चित्रं केली ती चौकोनांची, रंगांच्या तुकड्यांची. त्यांत ओळखीचं काही नव्हतं. डोंगर नंतर आला. आडवी रेघ आली, तिचं क्षितिज झालं. उतार आला, त्याचा टॅमलपायस झाला. अमूर्त चित्रातून त्या एका खऱ्या जागेपर्यंत चालत आल्या.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अमूर्त म्हणजे जगाकडे पाठ फिरवणं, असा एक समज आपल्याकडे घर करून आहे. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांसमोरही ‘यात आहे काय?’ असं विचारलं जातंच. गायतोंडे १९२४ चे, अदनान १९२५ च्या. दोघांनाही क्लेने वाट दाखवली, दोघांच्याही हातात सुरी होती. गायतोंडे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, आणि त्यांनी आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घ्यायलाच नकार दिला; त्यांचा आग्रह असा होता, की चित्रात वस्तू शोधूच नयेत. अदनान यांच्याकडे वस्तू शोधावी लागत नाही, ती समोरच आहे. तरी दोघांच्या चित्रांसमोर उभं राहताना लागणारी सबुरी सारखी आहे. गायतोंडे यांच्याकडे ती आपल्याला आत नेते. अदनान यांच्याकडे खिडकीबाहेर.

खिडकी हा शब्द सहज आला, पण तो खराच आहे. सॉसॅलिटो नावाच्या खाडीकाठच्या गावात अदनान राहत असत; घरातून डोंगर दिसायचा. त्या भागात उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येतं. थंड सागरी प्रवाहावरची हवा दाट होते आणि आतल्या तापलेल्या खोऱ्यांकडे ओढली जाते. वाटेत टॅमलपायसच्या अंगावरून ती घरंगळते. पाहता पाहता डोंगराचा पायथा नाहीसा होतो आणि माथा तरंगत राहतो. तासाभरात उलट. अशा डोंगराचं एकच चित्र काढून भागणार कसं? होकुसाईने फुजीची छापचित्रांची मालिका केली, सेझानने प्रोव्हान्समधल्या सेंत-व्हिक्त्वार पर्वताचा शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही. अदनान यांना त्या रांगेत बसवताना मला संकोच वाटत नाही. फरक एवढाच, की सेझानला पर्वताची बांधणी समजून घ्यायची होती. अदनान यांना डोंगराशी असलेलं आपलं नातं समजून घ्यायचं होतं. तुमच्या आयुष्यात भेटलेली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कोण, असं त्यांना एकदा कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी डोंगराचं नाव घेतलं.

ओहॅन्लन आणि त्यांचे पती यांच्या जागेत, त्याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मिल व्हॅलीत, पाहण्याची एक कार्यशाळा चालत असे. मंडळी जमत, चित्रं काढत, डोंगरावर जात, पाहिलेल्याविषयी बोलत. तंत्र शिकवण्यापेक्षा नजर जागी ठेवण्यावर तिथे भर होता. अदनान त्या मंडळींपैकी. ‘जर्नी टू माउंट टॅमलपायस’ हे त्यांचं १९८६ चं पुस्तक त्या संगतीतून आणि डोंगरावरच्या भटकंतीतून उभं राहिलं. त्यात त्यांची शाईची रेखाटनंही आहेत. ते त्यांच्या जोडीदार, शिल्पकार सिमोन फत्ताल यांच्या पोस्ट-अपोलो प्रेस या छोट्या प्रकाशनाने काढलं. चित्रकाराने आपल्या विषयाबद्दल लिहिलेल्या पुस्तकांमध्ये मी त्याला फार वरचं स्थान देतो. चित्र काढणं ही विचार करण्याचीच एक रीत आहे, हे त्यात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने कुठलीही परिभाषा न वापरता मांडलं आहे.

इथे एक प्रश्न येतो, आणि तो टाळला तर ही प्रस्तावना अप्रामाणिक ठरेल. १९७२ मध्ये अदनान बैरूतला परतल्या, वर्तमानपत्रांच्या सांस्कृतिक पानांच्या संपादक झाल्या. १९७५ मध्ये यादवी युद्ध पेटलं. त्यातून त्यांची ‘सित मारी रोझ’ ही कादंबरी आणि ‘द अरब अपोकॅलिप्स’ हे दीर्घकाव्य आलं. दोन्ही कृतींत हिंसा इतकी उघडी आहे, की काव्यात मधूनमधून शब्द तुटतात आणि त्यांच्या जागी हाताने काढलेल्या खुणा येतात. मग ज्या बाईने हे लिहिलं, तिची चित्रं एवढी आनंदी कशी? काही जण या चित्रांना शोभिवंत म्हणतात. दिवाणखान्यात छान दिसतील, एवढंच.

मला हा आक्षेप अर्धाच पटतो. त्यांची काही चित्रं सैल आहेत, हे कबूल केलं पाहिजे. इतक्या मोठ्या संख्येने, एका बैठकीच्या शिस्तीत केलेल्या कामात सगळं सारख्या तोलाचं निघत नाही; विशेषतः उतारवयात मागणी वाढल्यानंतरच्या काही चित्रांत रंगांचं शेजारपण आधी जमलेल्या हिशेबावर चाललेलं दिसतं. पण आनंद हाच दोष, हे मी मान्य करणार नाही. अदनान यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे, की इतिहास आणि माणसांची करणी त्यांच्या लेखनात आली, आणि जगावरचं प्रेम चित्रांत आलं. एकाच माणसात या दोन खोल्या शेजारी-शेजारी असू शकतात. जळलेल्या शहरातून आलेल्या आईची मुलगी, स्वतःचं शहर जळताना पाहिलेली बाई, जेव्हा रोज टेबलाशी बसून न मळलेला पिवळा रंग कॅनव्हासवर ठेवते, तेव्हा तो पिवळा मला सजावटीचा वाटत नाही. तो तिने राखलेला आहे.

भाषेचा धागाही याच्याशी जोडलेला आहे. अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना फ्रेंचमध्ये लिहिणं त्यांना नकोसं झालं. अरबीत लिहिण्याइतकी अरबी येत नव्हती. तेव्हा त्यांनी ठरवलं, की आपण अरबीत चित्रं काढू. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्यांना जपानी घडीच्या वह्या सापडल्या. एकाच लांब कागदाच्या पंख्यासारख्या घड्या, उलगडल्या की कित्येक फूट. साठच्या दशकापासून त्या वह्यांत त्यांनी आधुनिक अरबी कवींच्या कविता स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतल्या आणि भोवती जलरंग आणि शाई सोडली. सुलेखनाचे नियम त्यांना येत नव्हते. अक्षर साधं, शाळकरी. लहानपणी वडिलांपुढे बसून गिरवलेल्या अक्षरांना इथे चाळिशीच्या आसपास काम मिळालं. त्याच घडीच्या वह्यांत डोंगररांगा, बंदरं, पूल, दौतीही आल्या. माझ्या मते अदनान यांचं निसर्गचित्रण समजून घ्यायचं तर या वह्या तैलचित्रांइतक्याच जवळून पाहिल्या पाहिजेत, कारण तिथे निसर्ग एका चौकटीत न मावता चालत जातो, आणि पाहणाऱ्यालाही चालायला लावतो.

एक शेवटचा धागा, इजिप्तचा. कैरोजवळच्या हरानिया गावात रमसेस विस्सा वासेफ या वास्तुविशारदाने पन्नासच्या दशकाच्या आरंभी विणकामाचं एक केंद्र सुरू केलं. गावातली मुलं तिथे माग चालवायची. नियम मोजकेच होते : आधी कागदावर चित्र काढायचं नाही, दुसरीकडचं पाहून उतरवायचं नाही, आणि मोठ्यांनी टीका करायची नाही. मुलं मागावरच विचार करत थेट लोकरीत झाडं, पाखरं, नदी विणत गेली, आणि त्या कामांना जगभर मान मिळाला. अदनान साठच्या दशकात हरानियाला गेल्या होत्या आणि ते काम पाहून भारावल्या. त्यांना स्वतःच्या रीतीला जणू तिथे साक्ष मिळाली. पुढे त्यांनीही विणचित्रांची संकल्पचित्रं केली. त्यांतली बरीच फार नंतर, फ्रान्समधल्या तरबेज कारागिरांनी विणली. ती देखणी आहेत, पण ती दुसऱ्याच्या हातातून आलेली आहेत आणि हरानियाचा पहिला नियमच तिथे मोडलेला आहे. मला त्यांची तैलचित्रं अधिक जवळची वाटतात.

जगाने त्यांच्याकडे चित्रकार म्हणून पाहिलं ते फार उशिरा. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथल्या तेराव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांच्या छोट्या तैलचित्रांचा मोठा संच लागला, तेव्हा त्या ८७ वर्षांच्या होत्या. त्यानंतर दोहा, लंडन आणि इतर शहरांत प्रदर्शनं झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुगेनहाइममध्ये त्यांचं प्रदर्शन सुरू झालं. त्याच वाटेवर वरच्या अंगाला कांडिन्स्कीची चित्रं होती. सात वर्षांपूर्वी याच संग्रहालयात गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. ते पाहायला गायतोंडे नव्हते. अदनान यांना निदान बातमी ऐकायला मिळाली. प्रदर्शन चालू असतानाच १४ नोव्हेंबर २०२१ रोजी पॅरिसमध्ये त्या वारल्या. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने त्यांची चित्रं व्हॅन गॉगच्या चित्रांसोबत मांडली. तीही जोडी योग्यच होती, कारण व्हॅन गॉगही बहुतांशी आपलं आपणच शिकला होता.

या उशिराविषयी हळहळ व्यक्त करण्याची पद्धत आहे. मला त्यात दुसरीही बाजू दिसते. पन्नास वर्षं कुणी फारसं पाहत नसताना, चित्रविक्रीवर पोट नसताना, त्या शिकवत, लिहीत, संपादन करत आणि रंगवत राहिल्या. बाजाराने त्यांना मोठे कॅनव्हास करायला भाग पाडलं नाही, शैली बदलायला लावली नाही. लहान चित्र लहानच राहिलं. ज्यांना आज नोकरी सांभाळून, उशिरा, कुठल्याही कलाशाळेत न जाता चित्रं काढायची आहेत, असे मराठी वाचक पुष्कळ आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी या आयुष्यातली ही गोष्ट सगळ्यांत उपयोगाची आहे. अदनान यांची शैली मात्र कुणी उचलू नये. त्रिकोण आणि गोल उसने घेणं फार सोपं आहे, आणि तसं केलं की आपण पुन्हा शाळेच्या वहीतल्या डोंगरापाशी येऊन पोचतो. घेण्याजोगी आहे ती शिस्त : एक जागा निवडायची, ती सोडायची नाही, आणि तिला रोज नव्याने काय सांगायचं आहे ते ऐकून घ्यायचं. मग ती जागा सिंहगड असो, रंकाळा असो, नाही तर गच्चीवरून दिसणारी एखादी पाण्याची टाकी.

हे पुस्तक हातात घेणाऱ्यांना एक विनंती आहे. चित्रांखाली त्यांची मापं दिली आहेत; कृपा करून ती वगळू नका. काही चित्रं पानावर मूळ आकाराच्या जवळ आली आहेत, काही पुष्कळ लहान झाली आहेत. पट्टी घेऊन टेबलावर तीस सेंटिमीटर रुंद आणि चोवीस सेंटिमीटर उंच असा चौकोन मोजा. एवढ्या जागेत त्यांनी डोंगर, समुद्र आणि सूर्य बसवले आहेत. तो चौकोन नजरेत ठेवून मग पुढचं पान उलटा.